विंगकाकांची चार वाक्यं

पाणीपुरवठा खात्याच्या नाट्यमंडळात अख्खं नाटक तोंडपाठ असणारा एकच माणूस होता आणि नेमका तोच कधी रंगमंचावर दिसत नसे. डाव्या विंगेत, पडद्याच्या दोरीला टेकून, हातात संहिता धरून तो उभा असे आणि अडलेल्या नटाला पुढचं वाक्य पुरवी. सगळे त्याला विंगकाका म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण तिथेही ते वाचून कारकून क्षणभर विचारात पडे.

दिवसा विंगकाका पाण्याचे मीटर दुरुस्त करत. टेबलावर रॉकेलचं ताट, डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि समोर पितळेची इवली इवली दातेरी चाकं. मीटरच्या खोलीत बोलायची सोय नव्हती, कारण जोरात श्वास सोडला तरी चाक घरंगळून फरशीच्या फटीत जाई. त्यामुळे काकांनी कुजबुजण्याची कला कमावली होती. त्यांची कुजबूज अशी की विंगेतून निघाली की थेट नटाच्या कानात उतरायची. तिसऱ्या रांगेतल्या लोकांनाही ती ऐकू जाई, हा भाग वेगळा. पण लोक सवयीने ते मनावर घेत नसत.

ह्या कुजबुजण्याचा एक उपपरिणाम झाला होता. कानात बोलणाऱ्या माणसाच्या कानात बोलावंसं सगळ्यांनाच वाटतं. कुणाला कुणाचं काम आवडत नाही, कुणाला कोणती भूमिका हवी आहे, कोण वरवर हो म्हणतो आणि आतून धुमसतो, हे सगळं काकांकडे जमा होई. मंडळातल्या प्रत्येकाला स्वतःचं तेवढं ठाऊक असे. सगळ्यांचं सगळं ठाऊक असलेला माणूस एकच. आणि त्याला कुणी काही विचारत नसे.

त्या वर्षी मंडळ अडून बसलं होतं. नाटक कुठलं करायचं तेच ठरेना.

तीन संहिता पुढ्यात होत्या. एक हसरं नाटक: सासूची बडबड चुकवायला बहिरेपणाचं सोंग घेतलेल्या जावयाचं. दुसरं रडकं: नदीच्या धक्क्यावर मुलाची वाट बघत बसलेल्या आईचं. तिसरं खुनाचं, आणि त्यात खून पहिल्याच प्रवेशात होत असल्यामुळे मेलेल्या नटाला लवकर घरी जाता येत असे.

तीन संहिता आणि तीन गट. मीटरवाल्यांचा म्होरक्या फोरमन. त्याला हसरं हवं होतं. ते नसेल तर रडकं चालेल, पण खुनाचं मुळीच नको. मागे एकदा खुनाच्या नाटकात तो खुनी होता, ऐन वेळी पिस्तूल उडलं नाही आणि त्याला तोंडाने "ठो" म्हणावं लागलं होतं. तेव्हापासून पंपावरची माणसं त्याला "काय ठोसाहेब" अशी हाक मारत.

पंपवाल्यांचे पुढारी म्हणजे मास्तर. शाळेत ते कधी शिकवत नव्हते. नाटक बसवत म्हणून मास्तर. त्यांना रडकं हवं होतं, त्याखालोखाल खुनाचं. हसऱ्याचं नाव काढलं की ते कानावर हात ठेवत. जन्मभर पंपाच्या घरघरीत उभं राहून पंपवाल्यांचे कान खरोखरच अधू झालेले. बहिऱ्या माणसाच्या विनोदांवर त्यांनी काय म्हणून हसायचं?

तिसरा गट कचेरीचा. त्यांच्या वतीने टायपिस्टबाई बोलत. त्यांना खुनाचं हवं होतं, नाहीतर हसरं. रडकं नको. "प्रत्येक रडक्या नाटकात तुम्ही मला पांढऱ्या साडीत बसवता," त्या म्हणत, "आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात."

प्रत्येक गटात तीन तीन माणसं. मग काय, सभा भरायची. फोरमन म्हणायचा, "रडक्यापेक्षा हसरं बरं, आहे का कबूल?" मीटरवाले आणि कचेरीवाले माना डोलवायचे. ठरलं म्हणेपर्यंत मास्तर उठायचे, "हसऱ्यापेक्षा खुनाचं बरं की नाही, खरं सांगा." पंपवाले आणि कचेरीवाले हो म्हणायचे. मग कुणीतरी चहा संपवता संपवता म्हणायचं, "पण खुनापेक्षा ते रडकं परवडलं," आणि मीटरवाले, पंपवाले एक व्हायचे. बहुमत दर वेळी स्वच्छ, आणि दर वेळी निराळ्याच नाटकाला. मग आरोप सुरू.

"तुम्ही शब्दाचे पक्के नाही हो फोरमन."

"मी? मघाशी कुणी मान हलवली?"

"ती मी माशी हाकलली."

अशा सभा झाल्यावर सगळे एकेक करून काकांच्या कानाशी येत आणि बाकीचे कसे धरसोड करतात ते सांगत.

आता, विंगकाका ह्या भांडणात कुठे होते? वरून पाहिलं तर कुठेच नाही. प्रॉम्प्टरला मत नसतं असा नियम कुणी केला नव्हता, पण हात मोजताना काकांचा हात कुणाच्या लक्षातच येत नसे. आतून मात्र काकांचा जीव त्या रडक्या नाटकात अडकला होता. कारण त्या नाटकात, शेवटच्या अंकात, धक्क्यावरचा एक कंदीलवाला येतो. आईजवळ थांबतो. चार वाक्यं बोलतो. कंदील ठेवतो आणि जातो. बस्स. मास्तर एकदा सहज बोलून गेले होते, "हे बसवलंच तर कंदीलवाला तू कर रे. तुला पाठांतर नको, काही नको."

मास्तर सहज बोलले आणि विसरले. काका विसरले नाहीत. मंडळाचे कपडे शिवणाऱ्या काकू, म्हणजे काकांची बायको, त्यांनी ट्रंकेतला एक जुना ओव्हरकोट बटण लावायला घरी आणला होता. काकांनी तो "मापासाठी" अंगावर चढवला. आता कोट म्हणजे काय, कोपरावर विरलेला, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा, ट्रंकेत असताना कुणी फुकट दिला असता तर घेतला नसता. पण एकदा अंगावर चढल्यावर गोष्ट निराळी होते. काका आरशासमोर उभे राहिले, कॉलर वर केली, आणि त्या क्षणापासून तो कोट त्यांचा झाला. बटण लागलं तरी कोट ट्रंकेत परत जाईना.

"अहो, द्या तो. मंडळाचा आहे," काकू म्हणाल्या.

"अस्तर उसवलंय."

"कुठे?"

"उसवेल," काका म्हणाले.

दाढी करताना ते ती चार वाक्यं म्हणत. शेवटची नाव गेली. वाट बघायची तर बघा. कंदील मी ठेवून जातो. तेल सकाळपर्यंत पुरेल. काकू स्वयंपाकघरातून ऐकत. ऐकून ऐकून त्यांना वाटू लागलं होतं की आपल्याच घरातून कुणीतरी रोज नावेने जातंय.

एका दुपारी मीटरच्या खोलीत ती गोष्ट घडली. काकांनी तीन सुटी चाकं रॉकेलातून काढून टेबलावर ठेवली. मीटरमध्ये चाकं एका ओळीत बसतात. एक फिरलं की पुढचं फिरतं. इथे ती चुकून त्रिकोणात बसली, प्रत्येकाचे दाते उरलेल्या दोघांत अडकून. काकांनी एक चाक चिमट्याने फिरवायला घेतलं. ते हलेना. दुसरं फिरवलं, तेही हलेना. चाकांत दोष काही नव्हता. एकेक उचललं की भिंगरीसारखं फिरत होतं. दोन दोन ठेवली तरी झकास. तिन्ही एकमेकांना भिडली की ठप्प.

काकांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. ही तीन नाटकं होती. हे मंडळ होतं. हसरं रडक्याला हरवतं, रडकं खुनाला, खून हसऱ्याला, आणि पुन्हा पहिल्यापासून. कुणीही धरसोड करत नव्हतं. फोरमन शब्दाचा पक्का होता, मास्तर होते, टायपिस्टबाई तर दगडावरची रेघ. नऊच्या नऊ माणसं शहाणी, आणि सगळी मिळून जे मत होत होतं ते मात्र भोवऱ्यासारखं गरगरत होतं. "सगळ्यांना काय हवंय" ह्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. महिनोन् महिने ते नसलेलं उत्तर शोधत बसले होते.

काकांना इतका आनंद झाला की त्यांनी मोठ्याने हाक मारली, "फोरमन!" आणि त्यासरशी तिन्ही चाकं घरंगळून फरशीच्या फटीत गेली. फोरमन आला तेव्हा काका जमिनीवर पालथे पडून फटीत बघत हसत होते. "काही नाही," ते म्हणाले, "सापडलं."

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आत त्यांनी काकूंना ओट्याशी गाठलं आणि तीन वाट्या मांडल्या. ही हसरी, ही रडकी, ही खुनाची. कोण कोणाला हरवतं ते दाखवलं. काकूंनी हात पुसत पुसत दोनदा बघितलं.

"म्हणजे तिन्ही एकदम विचारलं तर भांडण," त्या म्हणाल्या.

"बरोबर."

"आणि आधी दोनच विचारली, त्यातली एक बाद केली, मग उरलेल्या दोघींत विचारलं, तर निकाल लागतो."

"लागतो."

"पण मग आधी कुठल्या दोन वाट्या पुढे ठेवायच्या, हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात नाटक."

हे काकांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी वाट्या पुन्हा मांडल्या. आधी हसरं विरुद्ध खून: खून जिंकणार, पंप आणि कचेरी. मग खून विरुद्ध रडकं: रडकं जिंकणार, मीटर आणि पंप. रडकं. धक्का, नदी, कंदील.

"बघा म्हणजे झालं," काकू म्हणाल्या आणि खुनाच्या वाटीत आमटी वाढली.

पुढच्या सभेत काकांनी नुसतं सुचवलं, दोन दोन नाटकांवर हात वर करून घेऊ या. सगळे इतके कंटाळले होते की त्यांनी ते उचलून धरलं. क्रम कोण लावणार? मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं. "विंगकाकाच लावेल. त्याचं कुठल्याच नाटकात काही अडलेलं नाही. त्याला कामच नसतं."

सगळे हसले. काकाही हसले. पण ते वाक्य कोटाच्या बटणासारखं छातीशी टोचत राहिलं.

"कानात येऊन सांगितलं सगळ्यांनी," घरी ते काकूंना म्हणाले. "विश्वासाने. आणि मी त्यावर डाव मांडू?"

"तुम्ही कुणाला खोटं सांगणार आहात का?"

"नाही."

"कुणाचा हात धरून वर करणार आहात का?"

"नाही."

"मग झोपा. आणि तो कोट काढून झोपा."

मतदान पंपाशेजारच्या साठवणीच्या खोलीत झालं. पाइपांच्या ढिगावर कचेरीवाले, बाकावर मीटरवाले, आणि पंपवाले उभेच, कारण बसलं की त्यांना ऐकू येत नसे. काका भिंतीला टेकून डाव्या बाजूला उभे. पंपाची घरघर भिंतीतून पाठीत शिरत होती आणि काकांना वाटत होतं की ती आपल्याच छातीतून येते आहे.

"पहिला सामना," काका म्हणाले. "हसरं की खुनाचं. हसऱ्याला कोण?"

मीटरवाल्यांचे तीन हात.

"खुनाला?"

पंपवाल्यांचे तीन हात झटकन वर. टायपिस्टबाईंचाही हात उचलला गेला, खांद्यापर्यंत आला, आणि तिथेच थांबला. कचेरीचे बाकीचे दोघे त्यांच्याकडे बघून हात उचलणार होते, तेही थांबले.

"थांबा हं," बाई म्हणाल्या. "मी आता हात वर केला, म्हणजे खुनाचं जिंकलं. आणि मग... मग..."

त्या अडल्या. अनेक वर्षांच्या सवयीने त्यांची मान आपोआप डावीकडे वळली, जिथे विंग असते तिथे. आणि अनेक वर्षांच्या सवयीने, अडलेला नट दिसताच, विचार करायच्या आत, काकांच्या तोंडातून पुढचं वाक्य बाहेर पडलं.

"मग रडकं त्याला हरवतं."

ती नेहमीची कुजबूज होती. थेट कानात उतरणारी. फक्त बाईंच्याच नव्हे, खोलीतल्या सगळ्यांच्या. पंपवाल्यांनाही ऐकू आली, आणि त्यांना तर लग्नाचा बँडही ऐकू येत नसे.

बाईंचा हात खांद्यावरून खाली आला. "अच्छा," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी खुनाला मत दिलं की माझ्या नशिबी पांढरी साडी. नको. मग माझं मत हसऱ्याला." कचेरीचे दोघे त्यांच्या मागोमाग. सहा विरुद्ध तीन. पुढचा सामना हसरं विरुद्ध रडकं, आणि त्याचा निकाल तर सगळ्यांना पाठ होता. हसरं जिंकलं. मीटरवाल्यांनी बाक वाजवला.

काका भिंतीला टेकून उभेच होते. महिनाभर जपलेलं नाटक त्यांनी स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या कुजबुजीने बुडवलं होतं. आणि गंमत अशी की त्यांना रडू येत नव्हतं. आपला हिशेब तंतोतंत बरोबर निघाला, बाईंनी मत फिरवताच सगळा डाव वाट्यांसारखा उलटला, हे बघून अंगावर काटा आला होता.

"पण तुला कसं ठाऊक, रडकं हरवेल म्हणून?" मास्तरांनी विचारलं.

मग काका सुटले. त्यांनी फटीतून काढलेली तीन चाकं खिशातून काढून पाइपावर ठेवली आणि सगळं दाखवलं. माणसं वाकून वाकून बघू लागली. फोरमन म्हणाला, "म्हणजे मी धरसोड करत नव्हतो." मास्तर म्हणाले, "मीपण नव्हतो." दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि महिनोन् महिन्यांचं भांडण तिथे पाइपांवरच मिटलं. फोरमनने चाक फिरवून बघितलं, ते हललं नाही, आणि तो इतका खूश झाला की त्याने परत परत फिरवून बघितलं.

"एक मिनिट," टायपिस्टबाई म्हणाल्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. "तुमच्या क्रमाने गेलो असतो तर रडकंच येणार होतं. तुम्ही तसा क्रम का लावलात?"

काका खिशातला रुमाल शोधू लागले. रुमाल सापडला तरी शोधत राहिले. शेवटी कपडे मोजायला आलेल्या काकू दारातून म्हणाल्या, "कंदील."

मास्तरांच्या तोंडावर उजेड पडला. मग तो मावळला. "अरे," ते म्हणाले, "मी बोललो होतो नाही का."

पंप घरघरत राहिला. मग टायपिस्टबाईंनी पदर खोचला. "ह्यांनी आज मला एक वाक्य दिलं, स्वतःचं नुकसान करून. आपण ह्यांना चार द्यायची. हसऱ्या नाटकात दुसऱ्या अंकात दिवे जातात की नाही? अंधारात जावयाला सासू समजून घोटाळा होतो तिथे. दिवे गेले तर कंदीलवाला येईल."

"येईल, पण बोलेल काय?" मास्तर चिडले. "शेवटची नाव गेली? दिवाणखान्यातून? वाक्यं बदलावी लागतील."

"नाटक बदललं ते बदललं," काका पहिल्यांदाच ठामपणे म्हणाले. "वाक्यं बदलायची नाहीत."

हात वर करा म्हणायची गरज पडली नाही. मास्तरांनी सुस्कारा सोडला आणि संहितेच्या समासात लिहिलं: कंदील.

प्रयोगाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. दुसऱ्या अंकात दिवे गेले, सासूने अंधारात कपाटालाच बोल लावले, लोक खुर्च्यांवर हात आपटून हसत होते. उजव्या बाजूने कोट घातलेले विंगकाका कंदील घेऊन आत आले. मधोमध आले. थांबले. लोक वाट बघू लागले.

काकांच्या डोक्यात काहीच नव्हतं. सासूची वाक्यं होती, जावयाची होती, मोलकरणीची होती, सगळं नाटक होतं, फक्त ती चार वाक्यं नव्हती. अडलेल्या माणसाने जे करायचं ते त्यांनी केलं: डावीकडे विंगेत बघितलं. तिथे आज काकांच्या जागी काकू संहिता घेऊन उभ्या होत्या. त्यांना संहितेकडे बघायचीही गरज नव्हती, दाढीच्या वेळी रोज ऐकलेलं. त्या घाईघाईने कुजबुजल्या, "कंदील मी ठेवून जातो."

काकांनी मान हलवली. आणि सवयीने, अगदी हळू, आपल्या त्या जगप्रसिद्ध कुजबुजीत त्यांनी काकूंची चूक दुरुस्त केली: "अगं, ते तिसरं. आधी, शेवटची नाव गेली."

अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं. आणि असा हशा उसळला की पुढच्या रांगेतला एक माणूस चष्मा काढून पुसू लागला. दिवाणखान्यात, अंधारात, कोट घातलेला माणूस आपल्या बायकोला सांगतोय की नाव गेली.

"मग पुढे काय?" काकू विंगेतून म्हणाल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"वाट बघायची तर बघा," काका त्यांना म्हणाले. आवाज हळूहळू वर चढत होता. "कंदील मी ठेवून जातो." त्यांनी कंदील ठेवला, सासूच्या पायाशी, अगदी जपून, मीटरचं चाक ठेवावं तसा. मग ताठ उभे राहिले, कोटाची कॉलर नीट केली, आणि चौथं वाक्य कुजबुजले नाहीत. चांगलं खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत म्हणाले:

"तेल सकाळपर्यंत पुरेल."

टाळ्या थांबेनात. मागच्या भिंतीशी उभे असलेले तिघे पंपवाले डोळे पुसत होते. हसून की रडून, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, काकांच्या कानातही नाही.

काका चुकीच्या बाजूने, म्हणजे डावीकडून, बाहेर पडले आणि विंगेत काकूंच्या शेजारी येऊन धापा टाकत उभे राहिले. रंगमंचावर जावई झालेला फोरमन तोंड उघडं टाकून कंदिलाकडे बघत होता. टाळ्यांच्या नादात त्याचं पुढचं वाक्य गेलं होतं.

काकांनी काकूंच्या हातातली संहिता घेतली. ती उलटी होती. ती सरळ न करताच ते दोरीला टेकले आणि कुजबुजले, "सासूबाई, आपण काही बोललात का?"